हिवाळ्यातील मासेमारी : थंड दर्या आणि उबदार दर्या

खरीप आणि रब्बी हे शब्द आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. पीक केव्हा पेरावे, केव्हा कापावे आणि जमिनीला विश्रांती केव्हा द्यावी, याची जाण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. समुद्रालाही असेच हंगाम असतात, ही गोष्ट मात्र किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या अनेकांच्या ध्यानी येत नाही. बाजारात मासळी आली की घ्यावयाची आणि महाग झाली की कुरकुरावयाचे, एवढाच त्यांचा दर्याशी संबंध. वस्तुतः मासळीच्या प्रत्येक टोपलीमागे वारा, पाण्याची ऊब, भरती-ओहोटी आणि माशांचा जीवनक्रम यांचे एक पंचांगच असते. आणि या पंचांगातील सुगीचा काळ जगाच्या पुष्कळ भागांत हिवाळ्यात येतो.

ही सुगी बर्फाळ प्रदेशालगतच्या थंड समुद्रात येते, तशीच आपल्या उबदार समुद्रातही येते. दोन्हीकडचे पाणी निराळे, मासे निराळे, जाळी निराळी. तरीही दोन्हीकडच्या कोळ्यांना जे काही शिकावे लागले, त्यात विलक्षण साम्य आहे. ते साम्य कशात आहे, हे समजून घेण्यासाठी प्रथम उत्तरेकडील एका किनाऱ्याची ओळख करून घेऊ.

लोफोटेनचे पाहुणे

नॉर्वे देशाच्या वायव्य किनाऱ्यालगत, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, लोफोटेन नावाची डोंगराळ बेटांची एक रांग आहे. डिसेंबराच्या आरंभापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तेथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. त्याच अक्षांशावरील ग्रीनलंडचा पूर्व किनारा या दिवसांत बर्फाने जखडलेला असतो. परंतु लोफोटेनचा समुद्र गोठत नाही. अटलांटिक महासागरातून उत्तरेकडे वाहणारा उबदार प्रवाह या किनाऱ्याला स्पर्श करून जातो, त्यामुळे भर हिवाळ्यातही तेथील हवेचे तापमान शून्य अंशाच्या आसपासच राहते.

याच काळात, म्हणजे जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत, कॉड नावाच्या माशांचे प्रचंड थवे बॅरेन्ट्‌स समुद्रातून शेकडो किलोमीटर पोहत या बेटांच्या आडोशाला येतात. ते येतात अंडी घालण्यासाठी. वर किनाऱ्याचे थंड पाणी आणि खाली अटलांटिकचे थोडे उबदार पाणी, अशा दोन थरांच्या मधला, चार ते सहा अंश तापमानाचा पट्टा त्यांना मानवतो. कोळी आपले गळ आणि जाळी याच पट्ट्यात सोडतात. एक मादी लक्षावधी अंडी घालते. ती पाण्यावर तरंगतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांतून पिल्ले बाहेर पडतात, आणि नेमक्या त्याच सुमारास वसंतातील प्रकाशाने समुद्रात सूक्ष्म जीवांची रेलचेल होते. पिल्लांना अन्न मिळते, आणि प्रवाह त्यांना पुन्हा उत्तरेकडे, त्यांच्या आईबापांच्या घरी घेऊन जातो.

या पाहुण्यांच्या आगमनावर लोफोटेनची वस्ती उभी राहिली. बाराव्या शतकाच्या आरंभी ऑयस्टाइन राजाने तेथे बाहेरगावाहून येणाऱ्या कोळ्यांसाठी निवाऱ्याच्या झोपड्या बांधून दिल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीस हजारांहून अधिक माणसे उघड्या होड्या घेऊन या हिवाळी मोसमासाठी जमत असत. आज यांत्रिक नौकांमुळे ही संख्या पुष्कळच घटली आहे. परंतु मोसमाचे महत्त्व कमी झालेले नाही. शाळा सुटल्यावर कॉडच्या जिभा कापून विकणे आणि आपला हातखर्च मिळविणे हा तेथील मुलांचा आजही आवडता उद्योग आहे.

आपला उबदार किनारा

आता आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे वळू. उबदार समुद्राची एक अडचण असते. पृष्ठभागावरचे तापलेले पाणी हलके असते. ते झाकणासारखे वर बसून राहते आणि तळाकडील पोषक द्रव्यांना वर येऊ देत नाही. पोषक द्रव्ये वर आली नाहीत तर सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत, आणि त्या वाढल्या नाहीत तर माशांना अन्न मिळत नाही. हे झाकण उघडण्याचे काम आपल्याकडे दोन ऋतू करतात.

पहिला ऋतू पावसाळा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ व कर्नाटक यांच्या किनाऱ्यालगत खालचे थंड, पोषक पाणी वर येते. नद्यांचे गढूळ पाणीही आपल्याबरोबर खतच घेऊन येते. याच महिन्यांत तारलीसारखे अनेक मासे अंडी घालतात. दुसरा ऋतू हिवाळा. उत्तर अरबी समुद्रावर, म्हणजे सौराष्ट्र व कच्छच्या पश्चिमेस, ईशान्येकडून कोरडे आणि गार वारे वाहू लागतात. त्यांच्या स्पर्शाने वरचे पाणी निवते, जड होते आणि खाली बुडते. त्याच्या जागी खालचे पाणी वर येते. असे हे घुसळणे सुमारे शंभर मीटर खोलीपर्यंत चालते, आणि ज्या काळात समुद्र वरून निवांत दिसतो, त्याच काळात त्याच्या पोटात अन्न तयार होत असते.

किनाऱ्यावरच्या माणसाला या घुसळणीचा पत्ता नसतो. त्याला दिसते ती शांत झालेली लाट. कोकणात हिवाळ्याच्या पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. शिडाच्या होड्यांच्या काळात पहिल्या वाऱ्यावर दर्यात जावे आणि दुसऱ्या वाऱ्यावर घरी यावे, अशी निसर्गानेच सोय करून ठेवली होती. पावसाळा सरल्यावर बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ येऊ लागतात. गोवा, सिंधुदुर्ग व कारवार या भागांत रापण लावून, म्हणजे किनाऱ्यावरून एक लांबलचक जाळे होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार पसरून आणि त्याची दोन्ही टोके वाळूवरून ओढून, ते पकडण्याची जुनी रीत आहे. या कामाला साऱ्या वाड्याचे हात लागत आणि मासळीचे वाटेही साऱ्या वाड्यात पडत.

मुंबईच्या उत्तरेस वर्सोवा, अर्नाळा, सातपाटी आणि पुढे गुजरातेतील जाफराबाद या बाजूस चित्र थोडे वेगळे आहे. तेथे भरती-ओहोटीचा जोर मोठा. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. या जोराचा उपयोग डोल जाळ्याने करून घेतला आहे. तोंडाशी रुंद आणि शेवटाकडे निमुळते असे हे पिशवीसारखे जाळे समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधतात. पाण्याचा ओघच बोंबील, मांदेली, जवळा यांना जाळ्यात लोटतो, आणि ओघ थांबून पाणी फिरण्यापूर्वी जाळे उचलावयाचे असते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाकडे डोलवाल्यांचे डोळे लागलेले असतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाण्याला ओढ नसते आणि जाळ्यालाही फारसे काम नसते. चंद्राच्या कला हेच या मंडळींचे घड्याळ.

मात्र हिवाळा म्हणजे साऱ्या भारतीय किनाऱ्यावर शांत समुद्र, असे समजण्याचे कारण नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाचा आणि वादळांचा काळ असतो. सन २०१७ च्या नोव्हेंबराच्या अखेरीस आलेल्या ओखी चक्रीवादळाने कन्याकुमारी व केरळच्या शेकडो कोळ्यांना गिळले. त्यांच्यापैकी कित्येक नौका वाहत किंवा आसरा शोधीत महाराष्ट्राच्या बंदरांपर्यंत आल्या होत्या. दूरवर गेलेल्या नौकेपर्यंत हवामानाचा इशारा वेळेवर पोहोचणे म्हणजे काय, हे त्या दिवसांनी साऱ्या देशाला दाखवून दिले.

सुकवणीचा वारा

हिवाळ्याचे मोल केवळ पकडण्यात नाही. ते टिकविण्यातही आहे. येथे थंड व उबदार किनाऱ्यांतील साम्य डोळ्यांनी पाहता येते. लोफोटेनमध्ये फेब्रुवारीपासून कॉड साफ करून, दोन-दोन मासे शेपटीशी बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावीत नाहीत. हवा इतकी गार की माशी बसत नाही, आणि इतकीही गार नाही की मांस गोठून फुटावे. सुमारे तीन महिन्यांत मासा लाकडासारखा टणक होतो. पाच किलो ताज्या माशाचा जेमतेम एक किलो उरतो, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. हा सुका कॉड शतकानुशतके बर्गेन बंदरातून युरोपभर जात असे. आज तो विशेषेकरून इटलीत आणि नायजेरियात खपतो.

आता सातपाटी किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील वलांडी डोळ्यांसमोर आणा. बांबू रोवून, आडव्या दोऱ्या ताणून केलेल्या या मांडवावर बोंबलांच्या जोड्या एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगलेल्या असतात. बोंबलाच्या अंगात पाणी फार. पावसाळ्याच्या दमट हवेत तो सडूनच जावयाचा. हिवाळ्यातील ऊन आणि कोरडा वारा मात्र त्याला दोन-चार दिवसांत सुकवितो. हाच मासा बंगालच्या मुखाशी ‘लोटे’ या नावाने ओळखला जातो, आणि तेथेही सुंदरबनच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कोळी तात्पुरत्या झोपड्या घालून असेच मांडव उभारतात. परस्परांची गाठभेट कधीही न झालेल्या तीन समाजांनी एकाच ऋतूचा एकच उपयोग शोधून काढला.

आपल्याकडे या सुकवणीचा बहुतेक भार स्त्रियांवर असतो. मासळी निवडणे, टांगणे, पावसाचे शिंतोडे येताच धावत काढून घेणे, आणि मग घाटमाथ्यावरच्या बाजारापर्यंत ती पोहोचविणे ही त्यांचीच कामे. पावसाळ्यात नौका किनाऱ्याला ओढलेल्या असताना घरची चूल पेटते ती पुष्कळदा हिवाळ्यात सुकविलेल्या या बोंबलांवर व जवळ्यावर. शेतकऱ्याच्या घरी जशी कणगी, तशी कोळ्याच्या घरी ही सुकी मासळी.

मोठी जाळी आणि लहान होड्या

जेथे सुगी तेथे तंटाही आलाच. सन १८९० च्या मार्च महिन्यात लोफोटेनजवळच्या ट्रोलफियोर्ड या अरुंद खाडीत कॉडचे थवे शिरले. वाफेच्या बोटी घेऊन आलेल्या धनिकांनी खाडीच्या तोंडाशी जाळे लावून ती अडविली. वल्ह्यांच्या होड्यांतून आलेल्या शेकडो कोळ्यांना हे सहन झाले नाही, आणि तेथे मोठी चकमक झडली. त्यानंतर थोड्याच वर्षांत लोफोटेनच्या मासेमारीत अशी घेराव घालणारी जाळी वापरण्यास कायद्याने बंदी आली, आणि आपापल्या क्षेत्रातील वेळा व हद्दी ठरविण्याचा अधिकार खुद्द कोळ्यांनी निवडलेल्या समित्यांकडे आला.

सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनंतर जवळजवळ असाच प्रसंग आपल्या किनाऱ्यावर घडला. १९७० च्या दशकात ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौका गोवा व कर्नाटकच्या समुद्रात वाढू लागल्या. बांगड्याचे थवे किनाऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच दूरवर उचलले जाऊ लागले, आणि रापणकारांच्या जाळ्यात वाळूखेरीज काही येईनासे झाले. गोव्याच्या रापणकारांनी मोठे आंदोलन केले. सन १९८० मध्ये गोव्यात आणि केरळात सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे झाले; महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान होड्यांसाठी राखून ठेवावा, हे तत्त्व या कायद्यांनी मान्य केले. त्याची अंमलबजावणी कसोशीने व्हावी, ही छोट्या कोळ्यांची मागणी आजही कायम आहे.

न्यू फाउंडलंडचा धडा

नियम नसले, किंवा असूनही उशिरा जाग आली, तर काय होते, याचे उदाहरण अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावर आहे. कॅनडातील न्यू फाउंडलंडचा समुद्रही थंड, आणि तेथेही कॉडच. परंतु तेथील कॉड हिवाळ्यात किनाऱ्याला न येता दूर खोल पाण्याच्या कडेला दाटीने जमतो, आणि उन्हाळ्यात किनाऱ्याकडे वळतो. शतकानुशतके किनाऱ्यावरचे कोळी त्याची उन्हाळ्यात वाट पाहत, आणि हिवाळा हा त्या माशाचा आपोआप विश्रांतीचा काळ ठरे.

१९५० च्या दशकापासून अनेक देशांचे अजस्र ट्रॉलर तेथे येऊ लागले. मासा पकडून जहाजावरच गोठविण्याची सोय असल्याने त्यांना हिवाळ्याची भीती नव्हती. दाटीने जमलेले थवे त्यांच्या जाळ्यांत आयतेच सापडत. सन १९६८ मध्ये तेथून आठ लाख टनांहून अधिक कॉड काढण्यात आला. पुढे १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांपर्यंत आपला हक्क प्रस्थापित केला, तरी स्वतःच्या ट्रॉलरांना पुरेसा आवर घातला नाही. किनाऱ्यावरचे कोळी मासा लहान होत चालल्याचे सांगत होते. सरकारी अंदाज मात्र आशादायक होते. अखेर २ जुलै १९९२ रोजी ही मासेमारी बंद करण्याची घोषणा झाली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका दिवसात गेला, आणि कित्येक खेडी ओस पडली. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी बत्तीस वर्षे टिकली. २०२४ साली ती उठली तेव्हा अठरा हजार टनांचीच मुभा देण्यात आली.

नॉर्वेवरही १९८९ च्या सुमारास हीच पाळी येऊ घातली होती. तेथील शासनाने मोसम मधेच थांबविला, मासेमारीची मर्यादा एकदम खाली आणली आणि कोळ्यांना काही वर्षे ओढाताणीत काढावी लागली. त्याचे फळ पुढे मिळाले : २०१३ साली नॉर्वे व रशिया यांनी बॅरेन्ट्‌स समुद्रातील कॉडसाठी दहा लाख टनांची मर्यादा ठरवता येईल इतका साठा वाढला. तेव्हापासून साठा पुन्हा घटत आला, आणि २०२५ साठीची मर्यादा तीन लाख चाळीस हजार टनांवर आणावी लागली. म्हणजे एकदा शहाणपण दाखवून भागत नाही. ते दरवर्षी नव्याने दाखवावे लागते.

आपल्या दारातील प्रश्न

आपल्याकडील तारलीची कथा अशीच बोलकी आहे. सन २०१२ मध्ये एकट्या केरळात जवळजवळ चार लाख टन तारली सापडली. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. पुढच्याच वर्षी ती पुन्हा लाख टनांवर गेली. या चढउतारात समुद्राच्या तापण्याचा वाटा मोठा आहे, आणि त्यावर कोणा कोळ्याचे नियंत्रण नाही. परंतु साठा खालावलेला असताना पिल्लेही उपसली तर तो पुन्हा उभा राहणे कठीण होते. म्हणूनच १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने माशांची पकडण्यायोग्य किमान लांबी सुचविली, आणि केरळने दहा सेंटिमीटरहून लहान तारली पकडण्यास मनाई केली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पन्नासहून अधिक जातींसाठी अशी लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. या मानाचा खरा अर्थ एवढाच की, बोटभर लांबीचे पापलेट जाळ्यात येऊ नये आणि आले तरी बाजारात खपू नये.

विज्ञानाची मदतही आता घरपोच मिळते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने पाण्याचे तापमान आणि त्यातील हरितद्रव्य मोजून, मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे हे कोळ्यांना कळविते. त्यामुळे इंधन व वेळ वाचतो. परंतु मासा कोठे आहे हे सांगणारे साधन, तो किती घ्यावा हे सांगू शकत नाही.

ते सांगण्याची एक रीत आपल्या पूर्वजांनी घालून दिली आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्याखेरीज नौका समुद्रात लोटावयाची नाही, हा संकेत पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रापासून माणसाला वाचवीत असे. पण त्याच वेळी तो अंडी घालणाऱ्या माशालाही वाचवीत असे. आज केंद्र शासन पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी एकसष्ट दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी लागू करते, तेव्हा ते या जुन्या संकेतालाच कायद्याचे रूप देत असते. या काळात कोळ्याच्या घरी पैसा येत नाही, हे विसरून चालणार नाही. संयमाचा सारा भार त्याच्या एकट्याच्या शिरावर टाकणे न्यायाचे होणार नाही. बंदीच्या दिवसांतील अर्थसाहाय्य वेळेवर मिळणे हाही त्या नियमाचाच भाग मानला पाहिजे.

मासे खाणाऱ्या कुटुंबालाही यात थोडे करण्यासारखे आहे. हंगामातील मासळी हंगामात घ्यावी. पिल्ले विकावयास आली तर ती घेऊ नयेत, आणि का घेत नाही ते विकणारीला आपुलकीने सांगावे. मोठ्या पापलेटाच्या हट्टापायी तारली, मांदेली, बोंबील यांना हलके लेखू नये. ते पौष्टिकही आहेत आणि गरिबाच्या ताटातलेही आहेत.

लोफोटेनचा कोळी बर्फाळ वाऱ्यात गळ टाकीत असतो आणि सातपाटीचा कोळी पहाटेच्या सुखद गारव्यात जाळे उचलीत असतो. समुद्राने कोणत्या वर्षी किती द्यावे, हे दोघांच्याही हाती नाही. त्याच्याकडून किती घ्यावे, हे मात्र थोडेबहुत माणसाच्या हाती आहे. आणि हिवाळ्यातील टोपली भरलेली राहावयाची असेल, तर तो विचार जाळे टाकण्यापूर्वी कितीतरी महिने आधी करावा लागतो.